बास्केटबॉलमध्ये पॉइंट गार्डनं शॉट किती मारायचे आणि पास किती द्यायचे: नवीन खेळणाऱ्या पोरापोरींसाठी

शाळेच्या टीममध्ये जे पोरगं जरा बुटकं असतं पण बॉल नीट सांभाळतं त्याला सर सांगतात तू पॉइंट खेळ, म्हणजे बॉल पुढं आणून खेळ चालवणारा पॉइंट गार्ड हो, आणि दोन-चार दिवसांत तेच पोरगं विचारतं की मी शॉट मारायचे का नाही. बहुतेक वेळा उत्तर मिळतं, तुझं काम बॉल वाटायचं, शॉट बाकीचे मारतील. सातारा घ्या, कराड घ्या, फलटण घ्या, मी हे वाक्य लई कोर्टांवर ऐकलंय आणि मला ते अजिबात पटत नाही, कारण यातनं असे पॉइंट गार्ड तयार होतात जे समोर कुणी नसताना पण बॉल दुसऱ्याकडं ढकलतात आणि मग समोरच्या टीमला त्यांची काळजीच उरत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. पॉइंट गार्डनं शॉट मारायचा तो मुख्य म्हणजे स्वतःच्या पासचा रस्ता मोकळा राहावा म्हणून. तुमचा डिफेंडर, म्हणजे तुम्हाला अडवणारा समोरच्या टीमचा माणूस, तुम्हाला सोडून जाऊ शकत नाही एवढे शॉट तुम्ही मारले पाहिजेत, त्याच्यापेक्षा फार कमी पण नको आणि फार जास्त पण नको. हे कसं जमवायचं ते खाली पायरी पायरीनं लिहितोय, ज्यांना खेळ अगदी नवीन आहे त्यांनी पण वाचा, आणि ज्या आईबाबांचं पोरगं नुकतंच कोर्टवर जायला लागलंय त्यांनी पण.

आकडा आधीच सांगून टाकतो कारण सगळ्यांना तोच पाहिजे असतो. पूर्ण ४० मिनिटांची मॅच म्हणजे १०-१० मिनिटांचे चार क्वार्टर धरले आणि टीमनं समजा ६० शॉट घेतले तर पाच जणांत सारखे वाटून प्रत्येकाला १२ येतात. नवीन पॉइंट गार्डनं ८ ते १२ च्या मध्ये राहावं असं माझं मत आहे. ५ च्या खाली गेलात तर तुमचा डिफेंडर पेंटमध्ये, म्हणजे रिंगखालच्या आखलेल्या चौकोनात, जाऊन उभा राहणार, १५ च्या वर गेलात तर तुमचीच पोरं पळायची बंद होणार, कारण बॉल येणारच नाही हे एकदा कळलं की कुणी रिंगकडं कट मारून पळत नाही. पण हा आकडा मॅच संपल्यावर तपासायचा, मॅच चालू असताना मोजत बसलात तर पुढचं दिसायचं बंद होईल.

पायरी १: आधी स्वतःचं परसेंटेज काढा

हे कुणीच करत नाही आणि सगळा घोळ इथंच आहे. एक साधी वही घ्या. कोर्टवर तुमच्या रोजच्या जागा ठरवा, उजवा लेअप, डावा लेअप (लेअप म्हणजे पळत जाऊन रिंगजवळनं टाकलेला शॉट), फ्री थ्रो (फाउल झाल्यावर मिळणारा मोकळा शॉट), फ्री थ्रो लाइनच्या दोन्ही कोपऱ्यांवरनं, आणि तीन पॉइंटच्या लाइनच्या बाहेरनं समोरून. प्रत्येक जागेवरनं २० शॉट, पण उभ्या उभ्या आरामात नाही, आधी कोर्टच्या एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत पळून यायचं आणि मग मारायचे, कारण मॅचमध्ये दम लागलेलाच असतो. किती गेले ते लिहा. दोन आठवडे असं केलं की खरं चित्र दिसायला लागतं.

आता हिशोब बघा. लेअप १० पैकी ६ जात असेल तर एका लेअपची किंमत १.२ पॉइंट. फ्री थ्रो लाइनजवळचा जंपशॉट १० पैकी ४ जात असेल तर ०.८. तीन पॉइंटचा १० पैकी ३ जात असेल तर ०.९, आणि १० पैकी २ च जात असेल तर ०.६. म्हणजे तुमचा थ्री दहात दोनच जातोय आणि तरी तुम्ही मॅचला सहा-सात थ्री टाकताय तर टीमचं नुकसान चाललंय. उलट फ्री थ्रो लाइनजवळनं तुमचा शॉट दहात चार-पाच जातोय आणि तिथं मोकळे असताना पण तुम्ही पास देताय, तर तो पास ज्याला दिला त्याच्याकडून त्यापेक्षा चांगला शॉट मिळायला हवा, नाहीतर तो पास नुसता दिला म्हणून दिला. म्हणून सरांनी विचारलं की शॉट का मारला तर तुमच्याकडं वहीतलं उत्तर पाहिजे.

एक सांगतो, टीव्हीवर एनबीए म्हणजे अमेरिकेच्या मोठ्या लीगमधल्या करीला बघून लांबून मारायचा मोह होतो, मला पण ती मजा कळते. स्टीफन करीनं २०१५-१६ च्या सीझनमध्ये ४०२ थ्री मारले आणि त्याचं थ्रीचं परसेंटेज ४५ च्या वर होतं, म्हणजे त्याच्या एका थ्रीची किंमत १.३५ पॉइंटच्या जरा वर. त्याच्यासाठी तो शॉट लेअपइतकाच भारी आहे. आपल्याकडं चालणाऱ्या फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, नियमांत तीन पॉइंटची लाइन ६.७५ मीटरवर आहे, एनबीएमध्ये समोरून ७.२४ मीटर. तिकडं लांबनं जाणारा शॉट बघून इथं बारा-तेरा वर्षांच्या पोरानं कमरेपासनं बॉल फेकायला लागायचं म्हणजे हाताची सवय बिघडवून घेणं आहे.

पायरी २: बॉल पुढं आणा, मान वर ठेवून

हे थोडक्यात सांगतो. बॉल आपल्या हाफमधनं पुढच्या हाफमध्ये न्यायला ८ सेकंद मिळतात. एवढ्या वेळात बॉलकडं न बघता डाव्या आणि उजव्या दोन्ही हातांनी यायला जमत नसेल तर शॉट का पास हा प्रश्न तुमच्यासाठी अजून आलेलाच नाही, कारण तुम्हाला समोरचं काही दिसतच नाहीये. रोज वीस मिनिटं ड्रिबल, समोर मित्राला उभं करून त्यानं बोटं दाखवायची आणि तुम्ही पळता पळता आकडा ओरडायचा. बाकीचं सगळं याच्यावर उभं आहे.

पायरी ३: डिफेंडरचे पाय बघा

इथं जास्त वेळ घालवा कारण खरा खेळ इथंच आहे. नवीन पोरं बॉल घेऊन आली की आधी आपल्या माणसांकडं बघतात, कोण मोकळं आहे, कोण हात वर करतोय. मी सांगतो आधी आपल्या डिफेंडरकडं बघा, कारण शॉट का पास हे तोच ठरवून देतो.

डिफेंडर तुमच्यापासनं दोन हातांपेक्षा लांब, टाचा टेकवून, हात मांडीजवळ ठेवून उभा आहे आणि तुम्ही तुमच्या वहीतल्या चांगल्या जागेवर आहात, तर शॉट मारा. विचार करायचा नाही. तो उभा राहिला म्हणजे त्यानं तुम्हाला सांगितलं की मारून दाखव. तो एकदम अंगाला चिकटून आलाय, एक पाय पुढं, तर त्याच्या पुढच्या पायाच्या बाजूनं घुसा, कारण तो पाय मागं घ्यायला त्याला वेळ लागतो. आणि तुम्ही घुसलात की दुसरा कुणीतरी मदतीला येणार. तो ज्याला सोडून आला तो माणूस मोकळा, बॉल तिकडं. मदतीला कुणी आलंच नाही तर लेअप तुमचा. एवढंच आहे, पण मॅचमध्ये हे अर्ध्या सेकंदात दिसायला लागतं, आणि दिसायला लागण्यासाठी आधी हळूहळू शेकडो वेळा बघावं लागतं.

अंडर-१७ च्या मुलींच्या एका मॅचमध्ये बघितलेलं सांगतो. आपली पॉइंट गार्ड पास फार सुंदर द्यायची, पण शॉट मारायचीच नाही. पहिल्या क्वार्टरच्या मध्यावर समोरच्या कोचला हे कळलं. त्यानंतर तिची डिफेंडर तिच्यासमोर आलीच नाही, सरळ फ्री थ्रो लाइनच्या आत जाऊन आपल्या पिव्होटच्या, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच पोरीच्या, पुढ्यात उभी राहिली, पाठीमागनं पिव्होटची स्वतःची डिफेंडर होतीच. म्हणजे आपल्या पिव्होटला दोघी. पास द्यायला जागाच नाही. आपली पोरगी वरती मोकळी उभी, हातात बॉल, डावीकडं बघते, उजवीकडं बघते, परत डावीकडं, आणि शेवटी वैतागून आत टाकलेला बॉल दरवेळी कुणाच्या तरी हाताला लागायचा. टाइमआउटमध्ये तिला एकच गोष्ट सांगितली गेली, पुढच्या तीन वेळा बॉल घेऊन सरळ फ्री थ्रो लाइनपर्यंत जा आणि मार, गेला नाही तरी चालेल. पहिला गेला नाही. दुसरा गेला. तिसऱ्याला तिची डिफेंडर पेंटमधनं धावत बाहेर आली, दोन्ही हात वर, आणि तिच्या मागं पिव्होट एकटी उभी होती. बाउन्स पास (जमिनीवर आपटून दिलेला), लेअप. पास तोच होता जो ती आधीपासून द्यायला बघत होती, फक्त तो मोकळा व्हायला दोन शॉट लागले.

यात नियमाचा पण भाग आहे आणि तो पुष्कळ जणांना माहीत नसतो. अटॅक करणाऱ्याला पेंटमध्ये ३ सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. एनबीएमध्ये डिफेंडरला पण तसा ३ सेकंदांचा नियम आहे, कुणाला गार्ड न करता तो पेंटमध्ये नुसता उभा राहू शकत नाही. फिबामध्ये तो नियम नाही. आपल्याकडं शाळा, कॉलेज, जिल्हा सगळं फिबाच्या नियमांनी चालतं, त्यामुळं तुम्ही शॉट मारत नाही हे कळलं की तुमचा डिफेंडर अख्खी मॅच पेंटमध्ये तळ ठोकून बसू शकतो आणि रेफ्री काही करू शकत नाही. म्हणजे शॉट न मारणाऱ्या पॉइंट गार्डचा तोटा आपल्याकडं एनबीएपेक्षा जास्त आहे.

मोठ्या लेव्हलला पण हे कसं घडतं बघा. २०२१ च्या एनबीए प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझनच्या शेवटच्या बाद फेऱ्यांत, फिलाडेल्फिया आणि अटलांटाची सातवी मॅच होती, शेवटची साधारण साडेतीन मिनिटं राहिलेली, अटलांटा दोन पॉइंटनी पुढं. बेन सिमन्स, फिलाडेल्फियाचा पॉइंट गार्ड, उंची २ मीटरच्या वर, रिंगच्या अगदी खाली बॉल घेऊन वळला आणि तिथं होता त्याच्यापेक्षा कितीतरी बुटका ट्रे यंग. डंक मारायला हवा होता, म्हणजे बॉल वरनं सरळ रिंगमध्ये कोंबायला. त्यानं पास दिला. ज्याला दिला त्याच्यावर फाउल झाला, दोनपैकी एकच फ्री थ्रो गेला, आणि मॅच १०३-९६ नं गेली. त्या प्लेऑफमध्ये सिमन्सचे फ्री थ्रो ३४ टक्केच जात होते, म्हणजे फाउल होईल याची भीती डोक्यात असणार असं मला वाटतं. म्हणून नवीन पोरांना मी सांगतो, फ्री थ्रोची प्रॅक्टिस पॉइंट गार्डनं सगळ्यात जास्त करायची, फ्री थ्रो जमत नसले की माणूस रिंगकडं जायलाच घाबरतो आणि मग पास ही लपायची जागा होते.

आता उलटी बाजू. २००५ च्या प्लेऑफमध्ये डॅलसनं फिनिक्सच्या स्टीव्ह नॅशला मुद्दाम शॉट मारू दिले आणि बाकीच्यांना घट्ट पकडून ठेवलं. चौथ्या मॅचला नॅशनं ४८ पॉइंट केले, पण असिस्ट, म्हणजे ज्यावर आपल्या माणसानं लगेच बास्केट केलं असे पास, फक्त ५, आणि फिनिक्स ११९-१०९ नं हरलं. एकटा कितीही भारी खेळला तरी बाकीचे चार थंड पडले की असं होतं. पण पुढच्या दोन्ही मॅचमध्ये त्यानं ३० च्या वर पॉइंट पण केले आणि १२-१२ असिस्ट पण दिले, दोन्ही जिंकल्या आणि सिरीज ४-२ नं फिनिक्सची. तो सीझनचा एमव्हीपी, म्हणजे सगळ्यात भारी ठरवलेला खेळाडू, होता, त्याच्यासारखं आपल्याला जमणार नाही हे उघड आहे, पण डिफेन्स काय देतोय ते घ्यायचं आणि त्याच वेळी बाकीच्यांना पण खेळात ठेवायचं, हे शिकण्यासारखं आहे.

पायरी ४: आपल्यासोबत कोण आहे ते ओळखा

दोन आकडे शेजारी ठेवून बघा. जॉन स्टॉकटन, युटा जॅझचा, एनबीएच्या इतिहासात सगळ्यात जास्त म्हणजे १५,८०६ असिस्ट त्याच्या नावावर. करिअरची सरासरी मॅचला १०.५ असिस्ट आणि शॉट साधारण ९. रसेल वेस्टब्रूक, २०१६-१७ चा सीझन, ओक्लाहोमा सिटी, सरासरी १०.४ असिस्ट आणि शॉट २४. असिस्ट जवळजवळ सारखेच, शॉटमध्ये पंधराचा फरक. मग बरोबर कोण? दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, कारण स्टॉकटनच्या बाजूला कार्ल मलोन होता, बॉल त्याच्या हातात गेला की पॉइंट येणारच, आणि वेस्टब्रूकच्या टीममधनं त्याच वर्षी केविन ड्युरंट निघून गेला होता, मारणारं दुसरं तितकं मोठं कुणी उरलं नव्हतं. वेस्टब्रूक त्या वर्षी एमव्हीपी झाला, टीम मात्र पहिल्याच राउंडला बाहेर गेली.

म्हणजे तुमच्या टीममध्ये कोण आहे त्यावर तुमचे शॉट ठरतात. शाळेच्या टीममध्ये साधारण असं असतं की एक उंच पिव्होट, दोन पळणारी पोरं, एखादा बऱ्यापैकी शूटर. पिव्होट चांगला असेल तर तुम्ही ८ च्या जवळ राहा. कुणालाच मारता येत नसेल तर १४-१५ पण चालतील, तिथं सरांशी बोलून घ्या. आपल्या प्रत्येकाची आवडती जागा पाठ पाहिजे, कुणाला बॉल छातीजवळ लागतो, पिव्होटला उंच हातात लागतो, कुणाला उजवीकडनं पळत येतानाच पकडता येतो. तुमच्या पिव्होटला थ्री लाइनच्या बाहेर बॉल देऊन काही उपयोग नाही, तो तिथं ड्रिबल करायला लागणार आणि बॉल जाणार, आणि चूक वहीत त्याच्या नावावर पडली तरी खरी तुमची आहे.

आणि एक, शूटरला बॉल द्यायचा तो त्याला हात हलवावा न लागता शॉट मारता येईल असा. गुडघ्यावर दिलेला बॉल उचलून वर नेईपर्यंत डिफेंडर आलेला असतो. मोकळ्या माणसाला वाईट पास दिला की तो मोकळा राहत नाही.

पायरी ५: पासची पण किंमत असते

पास म्हणजे सेफ आणि शॉट म्हणजे रिस्क असा समज आहे, तो काढून टाका. समजा तुम्ही फ्री थ्रो लाइनजवळ मोकळे आहात, तुमचा शॉट ०.८ चा. पिव्होट रिंगखाली आहे, त्याला बॉल पोचला तर लेअप १.२ चा, पण मध्ये दोन हात आहेत आणि दहातले तीन पास कापले जातील असं दिसतंय. मग त्या पासची किंमत १.२ चे सत्तर टक्के म्हणजे ०.८४. दिसायला पास थोडा वर आहे. पण शॉट चुकला तर रिबाउंड, म्हणजे रिंगवरनं उसळून आलेला बॉल, आपल्याला मिळायची संधी असते आणि मागं जायला पण वेळ मिळतो, पास वरती कापला गेला तर समोरचा सरळ आपल्या रिंगकडं पळत सुटतो आणि कुणी आडवायला नसतं. म्हणून तिथं शॉट मारायचा. हाच पास दहातला एकच कापला जाणार असेल तर किंमत १.०८, मग डोळे झाकून पास. मॅचमध्ये कुणी गुणाकार करत नाही, पण प्रॅक्टिसनंतर बसून असे दोन-चार प्रसंग मांडले की डोळ्याला सवय लागते.

आपल्याकडं याच्यात पावसाची भर पडते. शाळेच्या स्पर्धा पुष्कळदा पावसाळ्यातच येतात आणि साताऱ्यात तेव्हा काय पाऊस असतो ते सांगायला नको, उघडं सिमेंटचं कोर्ट, कडेला शेवाळ धरलेलं, बॉल ओला. ओल्या कोर्टवर बाउन्स पास उसळत नाही, घसरत पुढं जातो आणि पकडणाऱ्याच्या घोट्यावर बसतो. अशा दिवशी लांबचे पास आणि एका हातानं टाकलेले पास बंद, छातीपासनं दोन्ही हातांनी छोटे पास द्या, आणि जोरात घुसून एकदम थांबायला जाऊ नका, पाय सरकतो. ओल्या बॉलनं लांबचा शॉट पण लागत नाही, बोर्डला लावून जवळनं मारा. वारं सुटलं असेल तरी हेच. उन्हाळी शिबिरात कोरड्या कोर्टवर बसवलेला खेळ तसाच्या तसा ऑगस्टमध्ये चालत नाही. पाचगणीच्या बोर्डिंग शाळांची पोरं त्या हवेत रोज खेळणारी, त्यांच्याशी गाठ पडली की हा फरक लगेच दिसतो.

पायरी ६: घड्याळ आणि फाउल

प्रत्येक वेळी शॉट घ्यायला २४ सेकंद असतात, आणि अटॅकमध्ये आपणच रिबाउंड घेतला तर १४. गावाकडच्या कोर्टवर शॉट क्लॉकचं मशीन नसतं, टेबलवरून कुणीतरी ओरडून सांगतं किंवा सांगतच नाही, तेव्हा मनात मोजायची सवय पाहिजे.

पहिल्या सहा-सात सेकंदांत फास्ट ब्रेक मिळत असेल, म्हणजे समोरचे मागं पोचायच्या आत पळत जाता येत असेल, तर पास आधी, कारण बॉल ड्रिबलपेक्षा हवेतनं लवकर पोचतो. दोनावर एक असं असेल तर त्या एकट्या डिफेंडरला तुमच्याकडं यायला भाग पाडा, तो आला की पास, नाही आला तर लेअप तुमचा, अर्ध्यातच घाई करून पास देऊ नका. मधल्या वेळात बॉल दोन-तीन हातांतनं फिरू द्या. शेवटच्या पाच-सहा सेकंदांत बॉल परत तुमच्याकडं येणार, कारण बाकीचे घाबरतात, आणि तिथं शॉट तुम्हालाच मारायचाय किंवा घुसायचंय. त्या वेळी दुसऱ्याच्या गळ्यात बॉल टाकणं हा पॉइंट गार्डचा पास नव्हे. शेवटच्या सेकंदांचे असे शॉट वहीत वेगळे लिहा, ते बहुतेक वाईटच असतात आणि त्यांचं परसेंटेज बघून खचायचं कारण नाही.

फाउलकडं लक्ष ठेवा. एका क्वार्टरमध्ये समोरच्या टीमचे ४ फाउल झाले की पाचव्यापासून शॉट मारताना नसलेल्या फाउलला पण दोन फ्री थ्रो मिळतात. मग जंपशॉट कमी करा आणि घुसा. तुमचे फ्री थ्रो दहात सहा जात असतील तर दोन फ्री थ्रोची किंमत १.२, म्हणजे लेअपएवढीच, आणि शिवाय त्यांचा माणूस पाच फाउलकडं, म्हणजे मॅचबाहेर जाण्याकडं, एक पाऊल पुढं गेला. क्वार्टरची पाच मिनिटं उरलेली असताना टेबलकडं बघून किती फाउल झालेत हे विचारणारा पॉइंट गार्ड मला फार आवडतो.

पायरी ७: वही कशी लिहायची

बेंचवरच्या एखाद्या मित्राला चार रकाने आखून द्या. चांगले शॉट, वाईट शॉट, हातातनं गेलेले बॉल, आणि चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, मारायला हवे होते पण सोडून दिलेले शॉट. शॉट चांगला का वाईट हे तो गेला का नाही त्यावर ठरवायचं नाही. मोकळे होतात, तुमच्या जागेवर होतात, रिबाउंडला आपली माणसं होती, तर चुकला तरी चांगला. दोघं अंगावर असताना वाकडातिकडा मारलेला आत गेला तरी वाईट. मित्राला आधी हे नीट समजावून सांगा नाहीतर तो गेलेला प्रत्येक शॉट चांगल्यात लिहिणार.

सोबत असिस्ट पण लिहा आणि ते टर्नओव्हरशी, म्हणजे हातातनं गेलेल्या बॉलशी, ताडून बघा. दोन असिस्टमागं एक टर्नओव्हर म्हणजे ठीक चाललंय, तीनमागं एक म्हणजे फारच छान. एकास एक असेल तर पास सोपे करा. शाळेच्या लेव्हलला एक अडचण असते, तुम्ही चांगला पास दिला आणि ज्याला दिला त्यानं मोकळा लेअप चुकवला तर असिस्ट मिळत नाही, म्हणून मी तरी असा पास पण वहीत धरतो.

चौथ्या रकान्यात मॅचला तीन-चारपेक्षा जास्त आले तर पुढच्या मॅचला पहिल्या पाच मिनिटांत किमान दोन शॉट मारायचेच असं ठरवून उतरा. सुरुवातीलाच मारले की डिफेंडर वर येतो आणि उरलेली मॅच पास द्यायला सोपी जाते. शेवटच्या क्वार्टरला पहिल्यांदा शॉट मारायला गेलात तर हात पण थंड आणि डिफेन्स पण आधीच पेंटमध्ये बसलेला.

सरांशी बोलताना

काही सर अजून पॉइंट गार्डला शॉटच मारू देत नाहीत, वाद घालून उपयोग नाही. मॅचच्या आधी शांतपणे विचारा, सर, माझा डिफेंडर पेंटमध्ये जाऊन उभा राहिला तर फ्री थ्रो लाइनवरनं मारू का? असं नेमकं विचारलं की बहुतेक सर हो म्हणतात, कारण आता तुम्ही परवानगी मागताय ती एका ठराविक शॉटची. सोबत वही दाखवा, त्या जागेवरनं तुमचे किती जातात. पुढं कॉलेजला शिवाजी विद्यापीठाच्या झोनल स्पर्धेपर्यंत गेलात की तिथले कोच स्वतःच विचारतील तुझा शॉट कुठनं आहे, आणि तेव्हा शून्यापासून सुरुवात करायला उशीर झालेला असतो.

आता एक प्रश्न जो प्रत्येक नवीन पोरगं विचारतंच, लागोपाठ तीन शॉट चुकले तर काय करायचं? थांबायचं नाही, पण चौथा लगेच तिथनंच मारायचा नाही. पुढच्या एक-दोन वेळी रिंगकडं घुसा, लेअप नाहीतर फ्री थ्रो मिळवा, बॉल एकदा जाळीतनं जाताना बघा. ते झालं की डिफेंडरचे पाय परत बघा. तो अजून लांबच उभा असेल आणि जागा तुमची असेल तर तोच शॉट परत मारा.